उन्हातली पाटी

तुळसकर सावलीत वाचत नसत.

मुलुंड पूर्वेला आमच्या दोन इमारतींच्या मध्ये अशोकाच्या झाडांची एक रांग आहे. रांगेच्या पलीकडच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला पाठ टेकून ते सकाळी सव्वाआठला बसत. टाकीच्या मागे चांगली गार सावली असे. ती चार पावलं टाळून ते पूर्वेकडे, मिठागरांच्या बाजूला तोंड करून थेट उन्हात खुर्ची मांडत. डोक्याला क्रिकेटच्या पंचाची असते तसली पांढरी टोपी, अंगात बाह्यांचा गंजीफ्रॉक, मांडीवर एक राखाडी यंत्र. पुस्तकं वाचायचं यंत्र. ते त्याला पाटी म्हणत. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या डाव्या हाताला येई. मी चहा टाकायला उठलो की ते मान न वळवता डावा हात वर करत. मीही करत असे. मग ते अंगठ्याने पान उलटत आणि दिवस सुरू होई.

आता ती खुर्ची तिथे नाही. ती असताना मी शेवटच्या दोन-अडीच महिन्यांत एकदाही त्या गच्चीवर गेलो नाही. का गेलो नाही, ते सांगायचं तर आधी तुळसकर कोण होते ते सांगायला हवं.

घाटकोपरच्या एका औद्योगिक वसाहतीत आमचा छापखाना होता. तुळसकर तिथे मुद्रितशोधक होते आणि मी त्यांचा वाचक. वाचक म्हणजे काय, हे आता कुणाला ठाऊक नसतं. एका टेबलाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या. एकाने हातात मूळ प्रत धरून मोठ्याने वाचायचं, अगदी स्वल्पविराम, अवतरण, नवा परिच्छेद यांच्यासकट. दुसऱ्याने समोरच्या प्रुफावर नजर ठेवून ते ताडून पाहायचं. एकोणीस वर्षं मी वाचलं आणि त्यांनी पाहिलं. "कांबळे, तुझं काम तोंडाचं, माझं डोळ्याचं," ते म्हणत. "अदलाबदल झाली की वाट लागली समज."

प्रूफ टेबलावर असताना चहा त्या टेबलावर येत नसे. ओळीखाली धरायला त्यांच्याकडे पोस्टकार्डाची कापलेली एक पट्टी होती. कडा काळ्या पडल्या तरी ती त्यांनी बदलली नव्हती. कानावर लाल पेन्सिल. छापखान्याबाहेरही त्यांना वाचल्याशिवाय राहवत नसे. औषधाचं खोकं, सोसायटीची पाणी बंद असल्याची सूचना, वडापावचा कागद. एकदा एका तेराव्याच्या जेवणात पानाखालचा वर्तमानपत्राचा तुकडा त्यांनी वरण लागायच्या आत वाचून काढला आणि शेजारच्याला म्हणाले, "ह्याचा उरलेला अर्धा तुझ्या पानाखाली आसा, जरा उचल बघू." वेंगुर्ल्याकडचे ते. चिडले किंवा खुशीत आले की मालवणीवर जात.

आणि त्यांचं 'छापावे'. शेवटचं प्रूफ वाचून झालं की खालच्या उजव्या कोपऱ्यात ते तो एक शब्द लिहीत. खाली आखूड सही आणि तारीख. त्या शब्दाशिवाय यंत्र फिरत नसे. मालकाचंसुद्धा.

मालकांच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका छापायची होती. मालक स्वतः प्रूफ घेऊन आले, घाईत. "तुळसकर, घरचीच पत्रिका आहे, मी बघितलीय. सही मारा."

"तुम्ही बघितलीत तर सही तुम्ही करा."

"अहो, चार ओळी आहेत!"

"चार असोत नाहीतर चारशे. वाचल्याशिवाय मी लिवचंय नाय."

मालक हात बांधून उभे राहिले. मी मूळ कागद वाचला, ते पाहत गेले. मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळून त्यांनी शांतपणे विचारलं, "लग्न सोमवारी करायचं आहे की ह्या तारखेला? कारण ही तारीख मंगळवारी येते." मूळ कागदातच चूक होती. भटजींपासून मालकांपर्यंत सगळ्यांच्या हाताखालून गेलेली. दुसऱ्या दिवशी मालकांनी पेढे पाठवले. तुळसकरांनी खाल्ले नाहीत. चूक सापडली म्हणून तोंड गोड कसलं करायचं, असा त्यांचा प्रश्न.

दुसरी आठवण मयेकरांची. तेही आमच्याकडे प्रुफं वाचत. एका संस्थेच्या स्मरणिकेत मधली दोन पानं उलटसुलट छापली गेली. सही मयेकरांची. बोलावणं आल्यावर ते म्हणाले, "माझ्या प्रतीत बरोबर होतं." पानं जुळवणाऱ्या बिचाऱ्या जुळाऱ्याला बोलणी बसली. त्या दिवसापासून मयेकर नोकरी सोडून जाईपर्यंत तुळसकर त्यांच्याबरोबर डबा खायला बसले नाहीत. मी एकदा म्हटलं, "अहो, माणूस आहे, चुकला." तर म्हणाले, "चुकेना का! मी काय चुकत नाही? पण 'माझ्या प्रतीत होतं' म्हणणारा आपली चूक उचलून दुसऱ्याच्या मांडीवर ठेवतो रे. प्रूफ वाचणाऱ्याने एक वेळ उपाशी मरावं, पण हे वाक्य उच्चारू नये."

हे मी इतकं सविस्तर लिहितो आहे, कारण ते वाक्य मी पुन्हा ऐकलं.

छापखाना बंद झाला तेव्हा ते निवृत्तीला आले होते. मुलुंडला मला घर त्यांनीच बघून दिलं. माझी बायको शालन बालवाडीत शिकवायची. तुळसकर आले की ती भाकरी तव्यावरून थेट त्यांच्या ताटात टाकायची आणि म्हणायची, "भाऊ, वाचा हिचं प्रूफ." ते भाकरी उजेडाकडे धरत, फिरवत. "कडेला एक स्वल्पविराम जास्त झालाय वहिनी. बाकी छापावे." पंधरा वर्षं हाच विनोद चालला, आणि शालन दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसे.

पाटी त्यांना सुनेने दिली, मेघनाने, वाढदिवसाला. आधी बराच त्रागा झाला. "दगडी पाटीवर शिकलो, आता प्लास्टिकच्या पाटीवर मरायचं!" पण महिन्याभरात गच्चीवर खुर्ची गेली. मला हाक मारून वर बोलावलं. भर दहा वाजता, टळटळीत उन्हात. "तुझा मोबाईल काढ. दिसतं काही?" मोबाईलच्या काचेत मला माझंच घामेजलेलं तोंड दिसलं. "आता हिच्यात बघ." पाटीवरची अक्षरं खरोखरच कागदावर छापल्यासारखी स्वच्छ होती. चकाकी नाही, की मागून उजेड नाही. ऊन जितकं कडक, तितकी अक्षरं काळी. "मोबाईल उन्हात आंधळा होतो," ते म्हणाले. "ही उन्हातच डोळे उघडते. कोरा कागददेखील इतक्या उन्हात डोळ्यांवर येतो, ही येत नाही."

"पण सावलीत बसा की. तिथेही दिसेल."

"सावलीत अक्षरं पळतात रे."

मला ते बोलणं नेहमीचं वाटलं. पडद्यावरचं अक्षर केवढं मोठं होतं! एका पानावर जेमतेम चार शब्द. मी हसलो. म्हटलं, "तुळसकर, हे पुस्तक आहे की भिंतीवरची जाहिरात?"

"म्हातारपणी अक्षर मोठं असावं आणि जीभ लहान," ते म्हणाले आणि अंगठ्याने पान उलटलं.

पुढच्या वर्षी शालन गेली. तिच्याबद्दल मी लिहायला बसलो. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून. बारा प्रकरणं झाली. अकराव्यात आम्ही रिक्षाने दवाखान्यात जातो. बाराव्यात तिचा शेवटचा दिवस आहे. तिने खिडकीजवळची खाट मागून घेतली तो, आणि मला वर्तमानपत्रातल्या 'वधू पाहिजे'च्या जाहिराती मोठ्याने वाचायला लावल्या तो. "बघा, अजून चांगल्या आहेत," ती म्हणाली होती. ते प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं आणि वही मिटली. पुन्हा उघडणं मला शक्य नव्हतं. भांडुपच्या एका टंकलेखनाच्या दुकानातल्या मुलीने संगणकावर पानं लावली, पण तीही मी पाहिली नाहीत. आमच्या धंद्याचा नियमच आहे की लिहिणाऱ्याने स्वतःचं प्रूफ वाचू नये. तो छापलेलं वाचत नाही, मनातलं वाचतो. त्या नियमाची मला सोय झाली, हे कबूल करतो.

मी तुळसकरांकडे गेलो. "वाचाल?"

त्यांनी पाटीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "मूळ प्रत कोण धरणार? तू वाचून दाखवशील?"

"नाही. ते मला तोंडाने वाचवणार नाही. तुम्ही एकटेच वाचा. पाटीवर. फाईल मेघनाला पाठवतो."

अंगठा पाटीच्या कोपऱ्याशी थांबला. मग, "बरं."

तीन आठवडे मी खिडकीतून पाहत होतो. सव्वाआठला खुर्ची, टोपी, पाटी. अंगठा ठरावीक वेळाने हले. चहा उकळून वर येई तरी मी बघत राही. त्या दिवसांत मला पहिल्यांदा बरं वाटलं. शालनजवळ आता कुणीतरी बसलं आहे, असं वाटे. मला जिथे पुन्हा जाता येत नव्हतं तिथे माझ्या वतीने एक विश्वासाचा माणूस ओळीखाली बोट धरून चालला होता.

एका दुपारी ते जिना चढून आले आणि माझ्या हातात एक कागद ठेवला. 'छापावे'. सही. तारीख. अक्षर जरा उतरतं होतं.

"कसं वाटलं?"

"वहिनी होती तशी आहे. एक शब्द हलवायचं कारण नाही."

"आणि शेवटचं?"

त्यांनी माझ्या कानाच्या पलीकडे कुठेतरी पाहिलं. "शेवटचं... चांगलं गेलंय रे."

ते गेल्यावर मी दार लावून रडलो. एकोणीस वर्षं ज्या शब्दावर यंत्रं फिरताना पाहिली, तो शब्द त्यांनी शालनच्या नावाखाली लिहिला होता.

शालनचा पहिला स्मृतिदिन आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये केला. वंदना झाली, चारदोन माणसं बोलली. मग माझी थोरली बहीण पुस्तक घेऊन उभी राहिली. शेवटचं प्रकरण ती वाचणार होती. मीच तिला तसं सांगितलं होतं. माझ्या तोंडून होणार नाही, तुझ्या तोंडून होऊ दे. तिने चष्मा लावला, पान काढलं आणि वाचायला लागली. रिक्षा मिळाली. शालन रिक्षावाल्याला म्हणाली, जरा हळू घ्या. सिग्नलला गजरेवाली आली. पहिल्या मिनिटाला मला वाटलं, तिने चुकून आधीचं प्रकरण काढलं. तीही थांबली, मागचं पान पाहिलं, पुढचं पाहिलं. "अरे, हे तर अकरावंच आहे," ती म्हणाली. "वर बारा छापलंय आणि आत अकरावंच आहे." ती आणखी पानं उलटत राहिली. त्यानंतर पुस्तक संपत होतं.

चाळीस माणसं बसली होती. माझ्या पुस्तकात शालन दोनदा रिक्षात बसून दवाखान्यात जाते आणि तिचा शेवटचा दिवस उजाडतच नाही. तिच्यासाठी ते बरंच, असं कुणी म्हणेल. पण ती खिडकी, त्या जाहिराती, ते हसणं, तेवढंच मला जगाला द्यायचं होतं. बाकीचं सगळं त्याच्यापर्यंत पोचायची वाट होती.

मी तुळसकरांकडे पाहिलं. पहिल्या रांगेत, पांढऱ्या सदऱ्यात. मला वाटलं, ते उठतील. म्हणतील, माझी चूक. एवढं म्हणाले असते तर मी स्वतः त्यांना खाली बसवलं असतं.

ते उठले. समोर पाहत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "माझ्या प्रतीत होतं."

माझ्या बहिणीला त्याचा अर्थ कळला नाही. हॉलमध्ये कुणालाच कळला नाही. मला कळला.

दुसऱ्या दिवशी मी भांडुपला गेलो. मुलीने फाईल उघडली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, माझीच चूक. अकरा दोनदा पेस्ट झालंय." एकच फाईल होती. तीच छापखान्यात गेली, तीच पाटीवर. तुळसकरांची अशी वेगळी प्रत नव्हतीच. बावीस वर्षांची ती मुलगी सरळ म्हणाली, माझीच चूक. बारावं प्रकरण आम्ही वेगळं छापून प्रतींमध्ये घातलं. ते सुटं राहतं. पुस्तक उघडलं की खाली पडतं.

मी तुळसकरांकडे गेलो नाही. तेही आले नाहीत. एकदा भाजी बाजारात समोरून आले, अगदी दोन हातांवर, आणि माझ्या तोंडावरून नजर तशीच पुढे नेऊन निघून गेले. मी पिशवी घेऊन तिथेच उभा राहिलो. म्हटलं, एवढा माज? चूक यांची आणि वर ओळखही यांनीच दाखवायची नाही? मनातल्या मनात मी त्यांना मयेकरांच्या शेजारी बसवलं.

मेच्या अखेरीला ते गेले. झोपेतच. मी खाली जाऊन उभा राहिलो, खांदा दिला, परत आलो. रडू आलं नाही.

तेराव्यानंतर मेघना आली. हातात पाटी होती. "अप्पांनी सांगून ठेवलं होतं काका. ही तुम्हाला द्यायची."

"मला नको."

"ठेवा." ती बसली. मग खाली बघत म्हणाली, "त्यांनी शपथ घातली होती, म्हणून बोलले नाही. दोन वर्षं झाली, त्यांना वाचता येत नव्हतं. डोळ्यांचा मधला भाग गेलेला. कडेकडेचं दिसायचं. दार, जिना, रस्ता, सगळं जमायचं. पण ज्याच्याकडे बघावं तेच दिसायचं नाही. तोंडं नाहीत. अक्षर नाही."

"मग गच्चीवर काय करत होते?"

"आधी खरंच वाचायचे. मोठ्यातलं मोठं अक्षर करून, कडक उन्हात एखादा शब्द लागायचा. मग तेही गेलं." तिने पाटीवरून हात फिरवला. "नंतर नंतर ती बंदच असायची काका. बंद असली तरी वर चित्र राहतं ना. लांबून कळत नाही. मला कळायचं. मला ती चार्जच करावी लागायची नाही."

"आणि मला रोज हात करायचे, तो?"

"तुमची खिडकी कळायची त्यांना. खिडकीत कोण आहे ते नाही कळायचं. मला विचारायचे, कांबळे असतो ना गं तिथे? मी म्हणायचे, असतात."

ती गेल्यावर मी पाटी उघडली. माझं पुस्तक वरच होतं. खाली कोपऱ्यात आकडा होता. नऊ टक्के. तिथे ते थांबले होते. उघडलं तेव्हा अख्ख्या पानावर त्या प्रचंड अक्षरांत चार शब्द होते: शालन दारात उभी होती. दुसऱ्या प्रकरणातलं ते वाक्य आहे. ती मला पहिल्यांदा दिसली तिथलं.

नऊ टक्के, चार-चार शब्दांनी, उन्हात. किती सकाळी लागल्या असतील, ते मला कळतं. तरीही माझा राग गेलेला नाही. त्यांनी 'नाही रे' म्हणायचं होतं. डोळे गेले, हे मला सांगायचं होतं. ज्याने एकोणीस वर्षं त्यांना वाचून दाखवलं त्याला सांगायचं नाही तर कुणाला? त्यांनी विचारलं होतं, तू वाचून दाखवशील? मी नाही म्हणालो, हे खरं. पण कारण कळलं असतं तर वाचलं असतं. अडखळत, थांबत, बारावंसुद्धा वाचलं असतं, स्वल्पविरामांसकट. मग अकरावं दोनदा आलं नसतं. त्यांनी मला ती संधी दिली नाही. आपले डोळे झाकायला त्यांनी शालनच्या पानावर 'छापावे' लिहिलं, आणि ते झाकायला ते दुसरं वाक्य. हे मी त्यांना क्षमा करून विसरलो, असं लिहिलं तर ते खोटं होईल. आणि खोट्याखाली सही करायची नाही, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

शेवटचं त्यांना पाहिलं ते मेमधल्या एका सकाळी. सव्वाआठलाच ऊन भाजत होतं. मिठागरांवरून पांढरी तिरीप येत होती. टोपी, गंजीफ्रॉक, मांडीवर पाटी. मी चहा टाकायला खिडकीशी गेलो आणि त्यांनी मान न वळवता डावा हात वर केला. मी झटकन मागे सरलो, फ्रिजच्या आडोशाला. त्यांना मी दिसू नये म्हणून. तिथून अर्धवट दिसत होतं. हात बराच वेळ वर होता. मग त्यांनी तो सावकाश खाली घेतला, पाटी जरा उन्हाकडे कलती केली, आणि अंगठ्याने पान उलटलं.